घोळका आणि चहाची गाडी

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नका ठेवू. पण एका कचेरीत चहाची गाडी, म्हणजे चार चाकांची, वर किटली, खाली कपबशा आणि एक चाक कायम कुरकुरणारं अशी गाडी, कुणाचा हात न लागता, आपली आपण, वरच्या मजल्यावर संचालकबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली होती. तिच्यामुळे एक्केचाळीस माणसं वाचली. पुरावा मागू नका. आणि आत स्वयंपाकघरात आत्ता भांडं जरा जोरात आपटलं गेलं, तिकडे तर मुळीच लक्ष देऊ नका.

ही कचेरी दोन मजल्यांची होती. खाली एकतीस माणसं, वर दहा, आणि वरच्या मजल्याच्या टोकाला बंद दाराआड संचालकबाई. वरखाली जायला वाट एकच, अरुंद जिना, सदतीस पायऱ्यांचा. काम सॉफ्टवेअर बनवण्याचं. रुग्णालयं, वाचनालयं, ज्यांना ज्यांना तारखा-वेळा सांभाळाव्या लागतात ती सगळी यांची गिऱ्हाइकं.

आधी ही मंडळी एका लांबलचक हॉलमध्ये बसायची. कुणाचं काही अडलं, की खुर्ची मागे सरकवायची आणि ओरडायचं, "अरे, हे तू कसं केलं होतंस रे?" तिघांकडून चार उत्तरं यायची. नव्या इमारतीत आल्यापासून ते थांबलं. माणसं तीच, पण मधे भिंती आल्या, जिना आला. मग व्हायचं तेच झालं. वरच्या मजल्यावरच्या एकानं आणि खालच्या मजल्यावरच्या एकानं सहा आठवडे मान मोडून एकच गोष्ट बनवली. तारखा मोजणारा प्रोग्रॅम. याला त्याचा पत्ता नाही, त्याला याचा नाही. दोन्ही आपापल्या जागी उत्तम चालायचे. एकत्र जोडले की फेब्रुवारी तीस दिवसांचा व्हायचा. तेव्हापासून त्या दोघांना सगळे वरचा आणि खालचा एवढंच म्हणू लागले, आणि ते दोघे एकमेकांना काहीच म्हणेनासे झाले.

संचालकबाईंनी हुकूम काढला, माणसं पूर्वीसारखी सहज बोलती व्हायला हवीत. त्यासाठी सॉफ्टवेअर बनवा. आपल्याकडे चाललं तर मग इतरांनाही देऊ.

हे काम आलं टाचणीकडे. अंगानं बारीक आणि बोलली की टोचायची, म्हणून टाचणी. खरं नाव हजेरीपटावर असेल. पडद्यावर काय कुठे दिसावं, माणसाला ते कसं सापडावं, हे आखून देणं तिचं काम. तिचा एक नियम होता. माणसं कशी वागतात ते आधी डोळ्यांनी बघायचं, मग कागदावर रेघ ओढायची. म्हणून ती वही घेऊन पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापाशी उभी राहू लागली. तीन आठवडे उभी होती. कोण थांबतं, किती वेळ, आधी कोण बोलतं, सगळं टिपलं. तिला मोठी गंमत वाटली ती ही, की कामाची गोष्ट निघते ती निघता निघता. आधी दोन मिनिटं खुर्चीच्या, पंख्याच्या, पाठीच्या तक्रारी. एक पाय जायला वळला की मग, "अरे हो, ते तुझं यादीचं कुठवर आलं?" तिनं वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या. तिला वाटलं, सोनं सापडलं.

सोनं काही तिच्या एकटीला दिसत नव्हतं. वही सगळ्यांना दिसत होती.

"काय लिहिता हो बाई?" एक दिवस शंकासुरानं विचारलं. शंकासुर म्हणजे चाचणीवाला. दुसऱ्यानं बनवलेलं कुठे मोडतं ते शोधायचं, यावर त्याचं पोट. माणूस असा, की कुणी शुभ सकाळ म्हटलं तर आधी खिडकीबाहेर बघून खात्री करून घ्यायचा.

"लोक कसे बोलतात ते लिहिते."

"काय बोलतात ते नाही?"

"छे! किती वेळ थांबले, एवढंच."

"म्हणजे मी आत्ता चार मिनिटं उभा होतो, ते लिहिलंत."

"साडेचार."

शंकासुरानं भरलेला ग्लास तसाच ठेवला आणि न पिता निघून गेला. दुसऱ्या दिवशी अर्धी कचेरी घरून पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. तिसऱ्या दिवशी उरलेली अर्धी. यंत्रापाशी टाचणी आणि तिची वही, दोघीच. जेवायच्या टेबलावर ती बसली की बाकीच्यांना एकदम हवेबद्दल बोलायचं सुचे. ऊन आहे. हो, ऊन आहे. मग चमच्यांचे आवाज.

तरी तिनं सॉफ्टवेअर बनवलंच. नाव ठेवलं घोळका. प्रत्येकाला नवं कार्ड, गळ्यात घालायचं. ते कुठे आहे हे छतातली छोटी यंत्रं ओळखणार. पडद्यावर दोन्ही मजल्यांचा नकाशा, आणि नकाशावर प्रत्येकाचा एक ठिपका. ज्यांची कामं एकमेकांना लागून आहेत असे दोघे जवळ आले, की दोघांच्या संगणकावर हलकी ठकठक, दारावर बोटानं वाजवावं तशी. म्हणजे बोला, ओळख करून द्यायला कुणी नको. तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तिला खरंच तो जुना हॉल परत हवा होता.

दाखवायला सगळ्यांना बोलावलं, तर शंकासुर पहिल्या रांगेत.

"हे कोण कोण बघणार?"

"आपणच. सगळे सगळ्यांना."

"आणि वर?" त्यानं छताकडे बोट केलं.

"बाईंनाही दिसेल की. त्याही आपल्यातल्याच."

एकतीस माना छताकडे वळल्या. उरलेले दहा वरूनच आले होते, त्यांनी बुटांकडे बघितलं. कुणी हसलं नाही.

"आपला ठिपका झाकता येतो?"

"येतो ना. हे बटण."

"आणि झाकलाय, हे दिसतं?"

टाचणीनं बटण दाबून बघितलं. हे तिनं हिशेबात धरलंच नव्हतं. "दिसतं," ती म्हणाली.

"म्हणजे डोळे मिटून घेतले तरी कुणी मिटले त्याची यादी तयार."

एक आठवडा गेला. पडद्यावर एक्केचाळीस ठिपके एकमेकांपासून हातभर लांब, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. संचालकबाईंनी टाचणीला वर बोलावलं.

"महिनाअखेरीला मी स्वतः बघणार आहे. माणसं एकत्र दिसली तर ठीक. नाहीतर सरळ नोंदवह्या. दर अर्ध्या तासाला ज्यानं त्यानं लिहायचं, कुणाशी बोललो, कशाबद्दल बोललो. संध्याकाळी वह्या तू गोळा करायच्या. तुला नाहीतरी लिहून घ्यायची सवय आहेच."

सदतीस पायऱ्या उतरता उतरता टाचणीच्या सगळं ध्यानात आलं. आजवर तिच्यावर जो आळ होता, तीच आता तिची नेमणूक होणार होती. एकदा त्या वह्या हातात आल्या, की या कचेरीत तिच्याशी हवेबद्दलसुद्धा कुणी बोलणार नव्हतं.

पुढच्या मंगळवारी अकराच्या सुमारास ती पडद्यासमोर बसली होती आणि तिचे डोळे विस्फारले. ठिपके एकत्र आले होते! दोन-चार नव्हे, चाळीस. एक्केचाळिसावा तिचा स्वतःचा, तो जागेवर. बाकी सगळ्यांचा मधमाश्यांसारखा एकच पुंजका. आणि तो चालत होता. या टेबलापाशी थांबे, मिनिटभर थबके, पुढे सरके. टाचणीनं मान वर केली. समोर सगळे आपापल्या जागी, हूं नाही की चूं नाही. चहाच्या मावशी तेवढ्या गाडी ढकलत चहा देत होत्या. पुन्हा पडद्याकडे बघितलं, पुंजका. पुन्हा समोर, शुकशुकाट.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

दोन दिवस तिनं प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून काढला. खुर्चीवर चढून छतातली यंत्रं पुसली. काही सापडलं नाही. सापडलं ते एवढंच, की तिनं यंत्र पुसताना शंकासुर हसला होता. या माणसाला कुणी कधी हसताना बघितलं नव्हतं. म्हणजे नक्की यानंच आपल्या प्रोग्रॅममध्ये शिरून काहीतरी केलंय. मुद्दाम. महिनाअखेरीला सगळ्यांसमोर उघडं पाडायला! मग ती त्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवू लागली. तो कधी उठतो, कुणाकडे बघतो, पेन्सिल कुठल्या हातात धरतो. वहीत चार पानं भरली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की लोक आपल्याला जी समजत होते ती आपण आता झालोय. तिनं पानं फाडली. तुकडे पिशवीत ठेवले. कचऱ्याच्या डब्यावर तिचा भरवसा राहिला नव्हता.

आत भांडी शांत झाली आहेत, कुणाच्या लक्षात आलं का? नसेल आलं तर बरंच आहे.

शुक्रवारी सकाळी टाचणी सगळ्यांच्या आधी आली. शंकासुर आल्या आल्या आधी चहाच्या खोलीत जातो, हे तिनं हेरलं होतं. तिथे जुनं कपाट होतं, आणि कपाट आणि भिंतीमधल्या फटीत मावेल असं एकच माणूस त्या कचेरीत होतं. ती शिरली. कोळिष्टकं नाकाशी, पण हलली नाही.

आधी मावशी आल्या, किटली चढवली. मग शंकासुर. त्यानं खिशातून कार्ड काढलं, गाडीला चहूबाजूंनी लावलेलं फडकं वर केलं. कप अडकवायच्या आकड्यांना ओळीनं कार्डं लटकत होती! त्यानं आपलं अडकवलं. मागून दोघे आले, मग पाच, मग वरच्या मजल्यावरचे सगळे. संध्याकाळी काढायचं, सकाळी लावायचं, दिवसभर गाडीबरोबर फिरू द्यायचं. ठिपका झाकायचा नाही, म्हणजे यादीत नाव नाही. नुसता फिरायला सोडायचा.

"ए, हा माझा आकडा."

"नाव कोरलंय का त्यावर?"

"मावशी, बघा ना हो, रोज माझ्याच जागेवर अडकवतो!"

"भांडा, भांडा. चहा उकळून काळा होऊ दे," मावशी म्हणाल्या.

चहा होईपर्यंत कुणी हलेना. आणि तेवढ्यात वरचा खालच्याला म्हणाला, कार्ड अडकवता अडकवता, अगदी सहज, "सध्या काय चाललंय तुझं?"

"सुट्ट्यांची यादी."

"सुट्ट्यांची?" वरच्याचा हात हवेत राहिला. "अरे, मीपण तीच करतोय!"

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मी मंगळवार." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच वेळी कपाळाला हात लावला. मग असे हसले, की मावशींनी किटली सांभाळली.

फटीतल्या फटीत टाचणीनं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं! पाण्याच्या यंत्रापाशी तीन आठवड्यांत कुणी साडेचारच्या वर गेलं नव्हतं. इथे चाळीस माणसं, अकरा मिनिटं, आणि मोजणारं कुणी नाही म्हणूनच. तिचा घोळका हा समोर उभा होता, तिनं न आखलेला. तिला इतका आनंद झाला की श्वास जोरात घेतला गेला, आणि कोळिष्टक नाकात गेलं.

ती शिंकली.

खोलीत सगळं जागच्या जागी थांबलं. कपाटाआडून टाचणी बाहेर आली, केसांत जाळी, हातात वही.

"झालं," शंकासुर म्हणाला. "आता वर जाणार."

"असं वाटतं तुम्हाला?"

"तसं वाटणं हेच तर माझं काम आहे."

टाचणीनं वही मावशींच्या चुलीशेजारी ठेवली. गळ्यातलं कार्ड काढलं, फडकं वर केलं. एकच आकडा रिकामा होता. तिनं तिथे अडकवलं.

"हा सापळा नाही कशावरून?" शंकासुरानं विचारलं.

"नसेलच असं नाही. तपासा."

त्यानं खरंच तपासलं. कार्ड ओढून बघितलं, उलटं केलं, आकडा हलवून बघितला. मग म्हणाला, "नीट अडकवलं नाहीस. चाक कुरकुरतं ना, हादऱ्यानं पडेल." आणि स्वतःच्या हातानं ते सरळ केलं. आधीचं ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ कुठे गेलं, ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

महिनाअखेर उजाडली. संचालकबाईंनी टाचणीला शेजारी उभं केलं आणि पडदा उघडला.

"अरे वा! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस एकत्र! आणि चालतायत?"

"बोलत बोलत चालत असतील," टाचणी म्हणाली.

बाई खूश झाल्या. पण बाई संचालक होत्या, फार वेळ खूश राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कान दिला. "एक्केचाळीस माणसं बोलतायत, तर आवाज कसा नाही?"

त्यांनी दार उघडलं. बाहेर दहा जण खाली माना घालून कामात.

"तू इथे आहेस?" त्यांनी वरच्याला विचारलं.

"हो."

"पडद्यावर तू खाली आहेस."

वरच्यानं आपले हात उलटसुलट करून बघितले. "बघून सांगतो," तो म्हणाला.

बाई गर्रकन टाचणीकडे वळल्या. "आणि तुझाही ठिपका त्यांच्यातच आहे! मग माझ्यासमोर कोण उभी आहे? कुठेतरी पाणी मुरतंय. मी स्वतः खाली जाऊन बघते. चष्मा कुठे ठेवला मी?"

त्या चष्मा शोधायला आत गेल्या, तेवढीच संधी. वरच्यानं खुर्ची मागे सरकवली, जिन्याच्या तोंडाशी गेला आणि जुन्या हॉलमध्ये ओरडायचा तसा ओरडला, "अरे, बाई खाली येतायत रे!"

टाचणीनं डोळे मिटले. नोंदवह्या आल्याच. शिवाय फसवणुकीचा ठपका पदरात. डोळे उघडले तर बाई पडद्यासमोर थिजल्या होत्या.

"ते वर येतायत."

खरंच. पुंजका नकाशावर कडेला गेला आणि वर सरकू लागला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

"सगळे? एकदम?" बाई टेबलाच्या पलीकडे गेल्या. "काय मागायचंय त्यांना? तुला माहीत आहे. तूच चिथावलंस!"

आता त्याच क्षणी खाली काय झालं, ते कान देऊन ऐका. मावशी साखर आणायला गेल्या होत्या. शंकासुर आपल्या जागेवर बसून होता, हे विशेष लक्षात ठेवा. गाडीजवळ चिटपाखरू नाही. आणि ते कुरकुरणारं चाक, जे कधी सरळ चाललं नाही, ते वळलं. गाडी निघाली. कोपऱ्यावर थोडं थांबली, वाट विचारावी तशी, आणि लिफ्टपाशी गेली. लिफ्टचं दार उघडलं. गाडी आत शिरली. किटलीच्या नळीनं बटण दाबलं म्हणतात, ते मी बघितलं नाही, खोटं कशाला बोलू! दार मिटलं, दार उघडलं, आणि गाडी थेट संचालकबाईंच्या उंबऱ्यात, वाफाळत.

बाईंनी टेबलाआडून मान वर केली. मोर्चा नाही, माणूस नाही, चहा. त्यांनी फडकं उचललं. एक्केचाळीस कार्डं डुलत होती. बाई काही बोलायच्या आत खालच्या एकतिसांपैकी तीस जण धावत वर आले, आपलं कार्ड कुठे निघालं ते बघायला. दार, जिना, सगळा गच्च. कुणी कप घेतला, कुणी कार्ड. "हा माझा आकडा!" "पुन्हा सुरू केलंस?" त्या गर्दीत खालचा वरच्याला म्हणाला, "अरे, फेब्रुवारीचं कळलं मला. तू शून्यापासून मोजतोस, मी एकापासून!" आणि दोघांनी बाईंच्याच टेबलावर, बाईंच्याच कागदावर गणित मांडलं. बाई हातात कप घेऊन बघत राहिल्या. इतके महिने जो घोटाळा सुटत नव्हता, तो त्यांच्यासमोर उभ्या उभ्या सुटला. अकरा मिनिटांत.

"तुझी वही कुठे आहे?" त्यांनी टाचणीला विचारलं. "लिहून घे की हे."

"लिहायला लागले की थांबतं, बाई," टाचणी म्हणाली. "मीच थांबवलं होतं."

नोंदवह्यांचं नाव पुन्हा निघालं नाही. छतातली यंत्रं उतरली. टाचणीनं घोळका नव्यानं आखला, ठिपक्यांशिवाय, टेहळणीशिवाय. आणि गाडीचं काय झालं म्हणता? गाडीला बेचाळिसावं कार्ड मिळालं! फोटोसकट. कर्मचारी म्हणून नेमणूक, सहा महिन्यांत बढती, आणि बैठकीला ती लिफ्टनं एकटी वर यायची, एकदाही उशीर न करता…

"अहो, पुरे करा आता!" स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत टाचणी उभी होती. "लिफ्ट कुठली त्या इमारतीत? इतका वेळ सदतीस पायऱ्या मोजताय ना? मी उभी होते जिन्याच्या तोंडाशी. बाई खाली उतरायच्या आत ठिपकेच वर न्यायचे म्हणून किटलीसकट गाडी खांद्यावर घेऊन, तोंड लालबुंद झालेला हा शंकासुर मी या डोळ्यांनी वर येताना बघितलाय. मागून मावशी, एकेक कप हातात घेऊन. आणि ते कार्ड मावशींना मिळालं, गाडीला नाही. पंधरा दिवस कंबर धरून पालथे पडला होतात, शेक कुणी दिला? लिफ्टनं?"